सांभाळ आणि माया: एकट्या माणसाबाबत नेहमी होणारी गल्लत

"त्यांना काय कमी आहे?" हा प्रश्न खानदेशातल्या कुठल्याही गावात, एकच म्हातारे माणूस उरलेल्या घराविषयी, हमखास ऐकू येतो. मुलगा सुरतेला किंवा पुण्याला असतो, महिन्याच्या महिन्याला पैसे येतात, दवाखाना वेळेवर होतो. तरीही ते माणूस खंगत गेले, तर दोष त्याच्या स्वभावाला दिला जातो. सांभाळ होतो आहे म्हणजे माया आहेच, असे गृहीत धरल्यामुळे हे घडते, आणि शिकलेली, समजूतदार माणसेही हीच चूक करताना पाहून आता कंटाळा आला आहे.

सांभाळ म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार एवढ्या गोष्टी निर्वाहात मोजतो आणि मूळ कायद्यात त्यासाठी महिना दहा हजार रुपयांपर्यंतची मर्यादा घातलेली आहे. मुलगा विचारत नसेल तर प्रांताच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे अर्ज करता येतो. सांभाळ मोजता येतो, मागता येतो आणि वसूलही करता येतो. तो दुय्यम आहे असे मात्र कोणी समजू नये. उपाशी माणसाला नुसत्या गोड बोलण्याने धीर येत नाही.

माया वेगळी आहे हे दाखवणारा प्रयोग जुना आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी हार्लो यांनी माकडांच्या पिल्लांना दोन कृत्रिम आया दिल्या, एक तारेची आणि एक मऊ कापडाची. दूध तारेच्या आईकडे असले तरी पिल्ले पिण्यापुरती तिच्याकडे जात आणि उरलेला बहुतेक वेळ कापडाच्या आईला बिलगून राहत. १९५८ मध्ये मांडलेला हा निष्कर्ष सगळे सांगतात, पण त्यापुढचा भाग सहसा कोणी सांगत नाही: अशा आयांजवळ, सोबत्यांवाचून वाढलेली पिल्ले मोठेपणी इतर माकडांत मिसळू शकली नाहीत आणि त्यांतल्या कित्येक माद्यांना स्वतःची पिल्लेही नीट सांभाळता आली नाहीत. कापडाची आई ऊब देत होती, पण ती ना पिल्लाला प्रतिसाद देत होती, ना त्याच्याकडून काही मागत होती.

खरी गल्लत नेमकी इथे होते. जवळ राहणे की लांब राहणे, फोन की प्रत्यक्ष भेट, घर की वृद्धाश्रम, हे फरक वरवरचे आहेत. सांभाळ एकाच दिशेने वाहतो. माया देते तशी मागतेही. ज्याच्याकडून कोणाला काहीच नको असते, त्या माणसाला सगळे पुरवले तरी आपण उरलो आहोत एवढेच त्याला कळते.

आमच्या गल्लीतल्या एका आजींना सगळे जिजी म्हणतात. त्यांच्या मुलाचा फोन चुकत नाही आणि त्यातले प्रश्नही बदलत नाहीत: गोळ्या घेतल्या का, गॅस आला का, लाइटबिल मी भरले आहे. जिजी प्रत्येकाला "हाव" म्हणतात आणि फोन ठेवतात. उन्हाळ्यात, बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड करायच्या दिवसांत, शेजारची सून कुंपणावरून ओरडली, "जिजी, औंदा बिबडा नही करात का? तुना हातनी चव मले जमत नही." दुसऱ्या दिवशी ज्वारी भिजत पडली होती, आणि कोणाचे मीठ जास्त होते, कोणाचे पीठ कच्चे राहते, यावर जिजी तासभर बोलत होत्या. त्या सुनेने जिजींना कधी एक रुपयाही दिलेला नाही.

मायेचा अभाव आयुष्याला कसे वळण लावतो, हेही फोनवरच्या त्या प्रश्नांवरून समजते. मुलगा केवळ दुखण्याची चौकशी करत असेल, तर हळूहळू दुखणे हाच बोलण्याचा एकमेव विषय उरतो. गुडघा दुखला की फोन लांबतो, बरे वाटते म्हटले की आटोपतो, आणि माणूस नकळत दुखण्यालाच धरून बसते. मग त्याला किरकिरे म्हणतात. तक्रार करायचीही सोय नसते, कारण सगळे मिळत असताना केलेली तक्रार कृतघ्नपणा ठरते. दिवाणखान्यात कॅमेरा लावून "आईवर आमचे लक्ष आहे" असे अभिमानाने सांगणाऱ्यांची मला विशेष चीड येते. कानबाई देवीच्या रोटांच्या सणाला भाऊबंदांनी घर भरले म्हणजे एकाकीपण गेले, असे मानणारेही तसेच. सोबतीची उणीव आणि जिव्हाळ्याची उणीव या दोन गोष्टी आहेत आणि एकीने दुसरी भरून निघत नाही, असे रॉबर्ट वाइस या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्येच मांडले आहे.

दोन्ही गोष्टी एका ठिकाणी येऊ शकतात. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवत होते आणि तिथले छात्रालयही पाहत होते. छात्रालय चालवणे हे सांभाळाचेच काम; पण संसार न केलेल्या त्या माणसाचा जीव त्या मुलांत गुंतला होता आणि मुलांचा त्यांच्यात.

मागणे मात्र खरे असावे लागते. निवडलेली डाळ पुन्हा निवडायला दिली, तर म्हाताऱ्या माणसाला ती लगेच ओळखू येते आणि अपमानही कळतो. उलट रावेरकडे असे मुलगे आहेत, जे नोकरीच्या गावाहून फोन करून केळीचे खोड यंदा ठेवायचे की काढायचे हे वडिलांना विचारतात, त्यावर वाद घालतात आणि पुष्कळदा त्यांचेच ऐकतात. त्या वडिलांच्या गोळ्या कधीमधी चुकतातही.