कुडझूचे मूळ, विदारीकंद आणि दारू : ग्राहकांसाठी थोडी माहिती

आमच्याकडे विदारीकंदाचे चूर्ण मागणाऱ्यांपैकी काहीजण हल्ली वेगळ्याच कारणासाठी येतात. मोबाइलवर कुठेतरी वाचलेले असते की विदारीकंद म्हणजे ‘इंडियन कुडझू’ आणि कुडझूने दारू सुटते. दोन्हींत थोडे थोडे तथ्य आहे, म्हणूनच गोंधळ जास्त होतो. चूर्ण विकणे हा आमचा धंदा असला, तरी दारू सोडवण्यासाठी ते घेऊ नका असेच आम्ही सांगतो. कारणे खाली दिली आहेत.

कुडझू म्हणजे काय

चीन-जपानकडचा हा शेंगावर्गीय वेल. चिनी वैद्यकात त्याच्या मुळाला ‘गेगन’ म्हणतात. तापात, मान-पाठ आखडली असताना ते देण्याची पद्धत फार जुनी आहे. त्याच मुळाचा काढा जपानमध्ये ‘काक्कोन्तो’ नावाने सर्दीवर आजही विकला जातो आणि मुळातल्या सत्त्वाची तिथे मिठाई बनते. हा वेल १८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनातून अमेरिकेत गेला. पुढे १९३०च्या दशकात मातीची धूप थांबावी म्हणून तिथल्या सरकारने शेतकऱ्यांना पैसे देऊन तो लावायला सांगितले. आता दक्षिणेकडच्या राज्यांत तोच उपटून काढण्यावर खर्च होतो.

दारू चढली की चिनी वैद्य मुख्यतः या वेलाचे फूल देत. हँगओव्हरच्या नावाने विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत मात्र बहुतेक वेळा मूळ असते. हा फरक किरकोळ नाही, त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

संशोधन कुठवर आले आहे

हार्वर्डच्या क्युंग आणि व्हॅली या शास्त्रज्ञांनी १९९३ साली सिरियन हॅमस्टरवर प्रयोग केला. उंदरासारखा हा प्राणी समोर पाणी असतानाही मद्यार्क आवडीने पितो. कुडझूच्या मुळातले डायडझिन हे द्रव्य दिल्यावर त्याचे पिणे निम्म्याहून खाली आले. पण माणसांवरची पहिली चाचणी फसली. २००० साली अमेरिकेत दारूचे व्यसन असलेल्या ३८ रुग्णांवर ती झाली. काहींना रोज दोनदा १.२ ग्रॅम कुडझू मूळ दिले, काहींना नुसती दिसायला तशीच गोळी. दोन्ही गटांत काहीच फरक पडला नाही.

बॉस्टनजवळच्या मॅक्लीन रुग्णालयात स्कॉट ल्यूकस यांच्या गटाने २००५ साली केलेली चाचणी आम्हाला सर्वांत बोलकी वाटते. प्रयोगशाळेतच त्यांनी एक छोटे घर थाटले होते : आरामखुर्ची, टीव्ही, बिअरने भरलेला फ्रीज. शेजारच्या टेबलात वजनकाटा लपवलेला होता, त्यामुळे प्रत्येक घोट मोजला जात होता. भरपूर पिणाऱ्या १४ तरुण स्त्रीपुरुषांना आधी आठवडाभर कुडझूचा अर्क किंवा खोटी गोळी दिली आणि मग दीड तास हवे तेवढे पिऊ दिले. एरवी सरासरी साडेतीन बिअर पिणारी ही मंडळी अर्क घेतल्यावर दोनपेक्षाही कमीवर थांबली. घोट लहान झाले, एक बिअर संपायला वेळ जास्त लागू लागला.

याच गटाने नंतर १७ पुरुषांपैकी काहींना चार आठवडे अर्क दिला, बाकीच्यांना खोटी गोळी. हा अभ्यास २०१३ साली छापून आला. अर्क घेणाऱ्यांचे आठवड्याचे पिणे ३४ ते ५७ टक्क्यांनी उतरले, पण दारूची तलफ जशी होती तशीच राहिली. जाहिरातींत हे वाक्य सापडणार नाही. पिणे कमी झाले, ओढ गेली नाही. शिवाय हे भरपूर पिणारे, पण दारू सोडण्यासाठी उपचार घ्यायला न आलेले तरुण होते. सकाळी उठल्या उठल्या हात थरथरणारा माणूस या चाचण्यांत नव्हता.

मग २०००चा प्रयोग का फसला? एक शक्यता कसाची आहे. मॅक्लीनच्या अर्कात कुडझूतल्या द्रव्यांपैकी प्युएरारिन १९ टक्के, डायडझिन ४ टक्के आणि डायडझीन (नाव मिळतेजुळते, पण द्रव्य वेगळे) २ टक्के होते. साध्या मुळाच्या भुकटीत ही द्रव्ये याच्या तुलनेत फारच थोडी असतात. तेव्हा डबीवर नुसते ‘कुडझू ५०० मिग्रॅ’ छापलेले असेल, तर त्यावरून काहीच ठरवता येत नाही.

आमचा विदारीकंद

विदारीकंद, म्हणजे घोडवेलीचा किंवा काही भागांत भुईकोहळा म्हणतात तो कंद, हा कुडझूचाच भाऊबंद. प्युएरारिन त्यातही असते. तरीही जात वेगळी आहे आणि बॉस्टनच्या चाचण्या या कंदावर झालेल्या नाहीत. त्यातच बाजारात क्षीरविदारी, म्हणजे अगदी वेगळ्या कुळातल्या वेलीचा कंदही विदारी म्हणून खपतो. आयुर्वेदात विदारीकंद पुष्टीसाठी आणि बाळंतिणीला दूध यावे म्हणून देतात, च्यवनप्राशातही तो असतो. त्या कामासाठी वैद्यांच्या सल्ल्याने जरूर न्या.

जेवणातून गुपचूप देऊ नका

ही विनंती आम्ही हात जोडून करतो. ‘त्यांना न सांगता आमटीत घातलं तर चालेल का?’ असे अनेक ताई विचारतात. विचारण्यामागची वेळ आम्हाला कळते, पण उत्तर नाही असेच आहे. दारूपासून शरीरात ॲसिटाल्डिहाइड नावाचे विषारी द्रव्य बनते आणि एक एन्झाइम त्याचा निचरा करतो. डॉक्टर दारू सोडवण्यासाठी डायसल्फिरमची गोळी देतात, ती हाच निचरा अडवते. त्यावर दारू प्यायली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, जिवावरही बेतू शकते. म्हणून ती रुग्णाला सांगूनच देतात. कुडझूच्या मुळातले डायडझिन प्रयोगशाळेत नेमके याच एन्झाइमला अडवताना दिसले आहे. हँगओव्हरवर मूळ घेऊ नये, असे काही संशोधक म्हणतात ते यामुळेच.

रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकाएकी बंद करणेही धोक्याचे आहे. दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. आधी डॉक्टर गाठा. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून दारू सोडवण्याचेच काम करते आणि दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या संघटनेच्या सभा अनेक गावांत भरतात.

घेण्यापूर्वी

कुडझू असो वा विदारीकंद, त्यातली द्रव्ये काही प्रमाणात इस्ट्रोजेनसारखी वागतात. स्तनाचा कर्करोग झालेल्यांनी, टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर साखर जास्त उतरू शकते. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांनी तर टाळावेच. उंदरांमध्ये कुडझूमुळे हे औषध शरीरात साठून राहिल्याचे आढळले आहे.

चालू औषधांची चिठ्ठी काउंटरवर दाखवा. दारू सोडवण्यासाठी म्हणून आमच्याकडून चूर्ण नेले असेल आणि पाकिटाचे सील शाबूत असेल, तर परत आणा, पैसे देऊ.