पानांचा कोरा चहा: पाकीट फोडण्याआधी दोन मिनिटं

हा कागद पाकिटात टाकायची वेळ आमच्यावर एका काकूंनी आणली. दार्जिलिंगचं ५० ग्रॅमचं पाकीट त्या घेऊन गेल्या आणि चौथ्या दिवशी परत आल्या. "अहो, याला रंगच चढत नाही! दहा मिनिटं उकळला, वर दोन चमचे जास्त टाकला. दूध घातलं तर नुसतं भुरकट पाणी, आणि कडू ते कडूच." चूक त्यांची नव्हती. पाकीट आम्ही विकलं, पण ते वापरायचं कसं हे सांगायचं राहिलं.

घरी रोज आलं घालून उकळतो तो दाणेदार चहा म्हणजे सीटीसी. दातेरी रुळांमधून पान चिरडून, फाडून त्याच्या बारीक गोळ्या होतात. ही यंत्रं १९३०च्या सुमारास आसामात आली. दाणा आतून-बाहेरून फुटलेला असल्यामुळे मिनिटाभरात रंग सोडतो. पानांचा चहा वेगळ्या वाटेनं बनतो. खुडलेली पानं रात्रभर पसरून मलूल करतात, मग यंत्रात दाबून वळतात. त्यात पानाचा रस बाहेर येतो आणि त्याला हवा लागून पान तांबूस-काळं पडतं. चिरलेलं वांगं पाण्यात टाकायला विसरलात तर काळं पडतं ना, तोच प्रकार. हवा तेवढा रंग-वास आला की गरम हवेत वाळवून ते थांबवायचं. पान बरंचसं अखंड राहतं, म्हणून ते आपला ऐवज सावकाश सोडतं.

करायचा कसा

उकळायचा नाही. एवढं एक लक्षात ठेवलंत तरी पाकिटाचे पैसे वसूल.

एका कपाला (साधारण २०० मिलि) अडीच ग्रॅम पानं. वजनकाटा नसेल तर चहाचा एक चमचा शिगोशीग. पानं फुगीर असतात, सपाट चमचा कमी पडतो. पातेल्यात ताज्या पाण्याला आधण येऊ द्या, गॅस बंद करा, पानं टाका आणि वर घट्ट झाकण ठेवा. आसाम असेल तर ४ मिनिटं, दार्जिलिंगला ३. मग सगळाच्या सगळा गाळून घ्या. अर्धा ओतून उरलेला पानांवर तसाच ठेवला तर दुसरा कप हमखास तुरट होतो. किटली नसली तरी काही अडत नाही, स्टीलचं पातेलं आणि बसतं ताट पुरतं.

दार्जिलिंगचा फर्स्ट फ्लश, म्हणजे फेब्रुवारीअखेर ते एप्रिल या काळातली पहिली खुडणी, जरा नाजूक. आधण उतरवल्यावर मिनिट-दोन मिनिटं थांबून मग पानं टाका. हा चहा फिकट सोनेरीच उतरतो. काळा म्हणून विकला जात असला तरी पाकिटात हिरवट पानं दिसतील, ती कच्ची नाहीत. मे-जूनमधली दुसरी खुडणी तांबूस उतरते आणि तिला पिकल्या द्राक्षासारखा वास असतो. गंमत म्हणजे या वासामागे एका किड्याचाही हात आहे. बारीक हिरवे तुडतुडे कोवळी पानं शोषतात आणि त्या उपद्रवाला तोंड देताना झाड सुगंधी द्रव्यं तयार करतं.

उकळल्यानं नेमकं बिघडतं काय? वास वाफेबरोबर उडून जातो आणि टॅनिन, म्हणजे तुरटपणा आणणारं द्रव्य, मात्र भरपूर उतरतं. दुधाच्या चहात हे खपून जातं, कारण दुधातली प्रथिनं टॅनिनला धरून ठेवतात आणि जीभ आवळत नाही. अमृततुल्यचा चहा एवढा कढूनही गोड लागतो तो यामुळे, नुसत्या साखरेमुळे नव्हे. कोऱ्या चहाला हा आधार नसतो.

दूध, साखर, आलं

साखरेला आमची बंदी नाही. दूध हवं असेल तर आसाम घ्या आणि गाळल्यावर वरून चमचाभर गरम दूध घाला. दार्जिलिंगमध्ये दूध घालणं म्हणजे हापूसवर चाट मसाला. आलं, वेलची, गवती चहा घालायचा असेल तर सरळ आमच्याकडचाच दाणेदार चहा न्या; निम्म्याहून कमी पैशात जास्त चांगला लागेल. लिंबू पिळल्यावर रंग एकदम उतरतो, तो आंबटपणाचा परिणाम आहे, चहात भेसळ नाही.

पाणी

साताऱ्यात कासचं पाणी येतं त्या घरांत चहा स्वच्छ उतरतो. बोअरच्या पाण्यात तोच चहा काळपट, मंद लागतो आणि कपाच्या कडेला तेलकट दिसणारी साय धरते. ते तेल नव्हे, पाण्यातल्या चुन्याचा प्रताप. पिण्याचं गाळलेलं पाणी वापरून पाहा, फरक पहिल्याच घोटाला कळेल. आमचे महाबळेश्वरचे गिऱ्हाईक विचारतात, तिथे चहा हलका का होतो? सुमारे १,३५० मीटर उंचीवर पाणी ९५-९६ अंशांलाच उकळतं. त्यांनी मिनिटभर जास्त मुरू द्यावा.

थंड

यासाठी निलगिरी, म्हणजे दक्षिणेतल्या निलगिरी डोंगरातला चहा. १ लिटर गार पाण्यात १० ग्रॅम पानं टाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी गाळा. कडू अजिबात होत नाही. गरम केलेला कडक चहा गार करायला ठेवला तर तो गढूळ होतो. कॅफीन आणि रंगद्रव्यं एकत्र येऊन साका धरतात. थोडं गरम पाणी घातलं की निवळतो. ओतून देऊ नका.

पाकिटावरची अक्षरं

'ऑरेंज पेको'मध्ये संत्र्याचा संबंध नाही. एफटीजीएफओपी ही लांबलचक अक्षरं पानाचा आकार आणि कोवळ्या कोंबांचं प्रमाण सांगतात; चवीची हमी देत नाहीत. आम्ही स्वतः अक्षरं बघून माल घेत नाही, कपात उतरवून घेतो.

पाकीट फोडल्यावर पानं घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात काढा आणि तो डबा मसाल्यांच्या फळीवर ठेवू नका. चहा वास ओढून घेतो. हिंगाच्या डबीशेजारी महिनाभर राहिलेला दार्जिलिंग आम्ही प्यायलो आहोत. पावसाळ्यात ओला चमचा घालू नका. फर्स्ट फ्लश सहा-आठ महिन्यांत संपवा, बाकीचे वर्षभर टिकतात. जेवणाबरोबर मात्र कोणताच चहा नको, अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही, तासाभरानं घ्या.

गाळल्यावर चोथा लगेच फेकू नका. एखादं पान बोटावर उलगडून पाहा, काही वेळा दोन पानं आणि मधला कोंब अख्खा सापडतो. त्याच चोथ्यावर पुन्हा आधण ओतून ५ मिनिटं ठेवलंत तर दुसरा, जरा सौम्य कपही निघतो.

एकदम ५० ग्रॅम घ्यायला मन धजत नसेल तर दुकानात प्रत्येक चहाची १० ग्रॅमची पुडी मिळते. चार कप होतात.