पेशी मरत नाहीत, आखडतात

दीर्घकाळ नैराश्यात असलेल्या माणसाला एखादा आनंदाचा दिवस आठवून सांगायला सांगा. 'सुट्टीत मजा यायची,' एवढंच तो बऱ्याचदा म्हणतो. कुठली सुट्टी, सोबत कोण होतं, त्या दिवशी पाऊस होता का, हे काही केल्या आठवत नाही. तो टाळाटाळ करत नसतो. असे सुटे तपशील एका आठवणीत गुंफायचं काम हिप्पोकॅम्पसचं, आणि नैराश्याचा घाव नेमका तिथेही बसतो.

हिप्पोकॅम्पस म्हणजे कानाच्या पातळीवर, मेंदूत खोलवर, दोन्ही बाजूंना एकेक असलेला, समुद्रघोड्यासारखा वळलेला भाग. नैराश्य वारंवार येऊन गेलेल्यांमध्ये तो लहान दिसतो, असं १९९६ साली संशोधक यवेट शेलाइन यांनी एमआरआयच्या आधारे दाखवलं. पुढे हजारो लोकांची चित्रं एकत्र तपासली, तेव्हा सरासरी फरक निघाला जेमतेम सव्वा टक्का. आजाराचा पहिलाच झटका असलेल्यांत तर तो दिसलाच नाही. म्हणूनच एका माणसाचा एमआरआय बघून नैराश्याचं निदान करता येत नाही.

मग आकार घटतो तो कशाने? पेशी मरतात म्हणून, असाच कुणाचाही समज होईल. नैराश्य असलेल्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या हिप्पोकॅम्पसचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर वेगळंच दिसलं. पेशी विरळ होण्याऐवजी जास्त दाटीने बसलेल्या होत्या, आणि चेतापेशींचा मूळ देह बारीक झाला होता. म्हणजे घटली होती ती मुख्यतः पेशींच्या मधली जागा, जिथे त्यांच्या फांद्या पसरतात आणि एकमेकींशी जोडल्या जातात. मला या आजाराबद्दल कळलेली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते.

फांद्या का आखडतात, याचा माग उंदरांच्या प्रयोगांतून लागला. रोज काही तास जखडून ठेवलेल्या उंदरांत तीन आठवड्यांत हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या आखूड झाल्या. यामागे ताणाच्या संप्रेरकाचा मोठा हात होता. माणसात हे संप्रेरक म्हणजे कॉर्टिसॉल. हिप्पोकॅम्पसमध्ये त्याचे ग्राहक, म्हणजे ते ज्यांना चिकटून पेशीवर परिणाम करतं ते रेणू, भरपूर असतात, कारण कॉर्टिसॉल पुरे झालं की ते थांबवायचा निरोप देण्यात हिप्पोकॅम्पसचा वाटा असतो. तोच दुबळा झाला की लगाम सैल पडतो, कॉर्टिसॉल रेंगाळतं आणि फांद्या आणखी आखडतात. पेशींना पोसणारं बीडीएनएफ हे प्रथिनही ताणाखाली कमी होतं.

मोठ्या माणसात इथे नव्या पेशी जन्मतात का, यावर अजून वाद आहे. २०१८ साली एका गटाने जवळजवळ नाही म्हटलं, दुसऱ्याने भरपूर जन्मतात म्हटलं. फांद्यांबाबत मात्र प्रयोग आशा देतात: उंदरांवरचा ताण थांबवल्यावर त्या पुन्हा वाढल्या. नैराश्यावरची नेहमीची औषधं सेरोटोनिन या मेंदूतल्या निरोप पोचवणाऱ्या रसायनाची पातळी काही तासांत बदलतात, पण माणसाला बरं वाटायला कित्येक आठवडे जातात. पेशींना पुन्हा पालवी फुटायला लागणारा वेळ, हे त्या उशिराचं एक कारण असावं असं अनेक संशोधक मानतात.