अमेरिकेतले उजवे सगळे एकाच माळेचे मणी?

वर्षानुवर्षं फिरणारा समज असा: अमेरिकेतले कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणजे एकच गट. खुला बाजार, धर्म आणि परदेशातली युद्धं, तिन्ही सगळ्यांनाच हवं.

लांबून तसं वाटणं साहजिक आहे, कारण मतपत्रिकेवर पक्ष एकच असतो, रिपब्लिकन. पण ही मुळातच मोट आहे. 1950 च्या दशकात तीन वेगळे प्रवाह एकत्र आले: सरकारने बाजारात हात घालू नये म्हणणारे, धर्म आणि परंपरा जपू पाहणारे, आणि कम्युनिझमचे कडवे विरोधक. पहिल्या दोघांचं खरं तर फारसं जमण्यासारखं नव्हतं. माणसाने कसं वागावं हे ठरवणारं सरकार एकाला नको, दुसऱ्याला काही बाबतींत हवंच. समान शत्रू होता म्हणून निभावलं. 1991 मध्ये सोव्हिएत संघ कोसळला आणि दोरी सैल झाली. परकी युद्धं, मुक्त व्यापार आणि स्थलांतर या तिन्हींना विरोध करणारा जुन्या वळणाचा गट मग उघडपणे बोलू लागला.

पडताळायचं असेल तर भाषणं सोडा, मतदानाच्या नोंदी पाहा. त्या कुणालाही ऑनलाइन वाचता येतात. 1993 मध्ये कॅनडा-मेक्सिकोसोबतचा व्यापार करार कनिष्ठ सभागृहात 234 विरुद्ध 200 मतांनी मंजूर झाला. उजव्या पक्षाचे 132 सदस्य बाजूने होते, 43 विरोधात.

एच-वन-बी या परदेशी कुशल कर्मचाऱ्यांच्या नोकरीच्या व्हिसाचंही तेच. उद्योगांकडे झुकलेल्यांना तो हवा असतो, स्थलांतरविरोधकांना नको. तिकडे नोकरी करणाऱ्या आपल्या मंडळींना हा फरक बातम्यांआधीच कळतो.