फर्मवेअरची प्रत आणि ओपन सोर्स परवाने

राउटर, कॅमेरा, सेट-टॉप बॉक्स यांच्या फ्लॅश चिपमध्ये भरलेले सॉफ्टवेअर म्हणजे फर्मवेअर. त्याची प्रत काढणे कायदेशीर की बेकायदा, हे अख्ख्या फाइलला विचारून उपयोग नाही. आत काय काय आहे ते पाहावे लागते. लिनक्स कर्नल (प्रणालीचा गाभा) आणि बिझीबॉक्स (छोट्या आज्ञांचा संच) जीपीएल या ओपन सोर्स परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली येतात. त्यांच्या प्रती वाटता येतात, विकताही येतात. पण सोबत सोर्स कोड (प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर) किंवा तो देण्याची किमान ३ वर्षांची लेखी हमी द्यावीच लागते. त्याच फाइलमधला वायफाय ड्रायव्हर किंवा कंपनीचा लोगो मात्र बहुधा बंदिस्त, म्हणजे कंपनीच्या परवानगीशिवाय वाटता न येणारा, असतो.

लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरमध्ये लिनक्स असल्याचे २००३ मध्ये उघड झाले आणि कंपनीला सोर्स कोड खुला करावा लागला. त्यातूनच २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचे खुले फर्मवेअर उभे राहिले. ब्रॉडकॉमचा वायरलेस ड्रायव्हर तेव्हाही बायनरीच, म्हणजे सोर्स कोडशिवायच, राहिला. कंपनीने जीपीएल मोडला म्हणून तिचे बंदिस्त भाग कोणालाही वाटता येतात, हा समज चुकीचा आहे. तिचा परवाना संपतो. ग्राहकाचा शाबूत राहतो, तोही फक्त जीपीएलच्या भागांपुरता.

भारतात कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम ५२ नुसार प्रोग्रामची वैध प्रत बाळगणाऱ्याला बॅकअप घेता येतो. तीच फाइल इंटरनेटवर टाकणे या सवलतीत बसत नाही.

बॅकअपसाठी आठ पायांच्या एसपीआय (फ्लॅशचा एक प्रकार) चिपला क्लिप लावून सीएच३४१ए प्रोग्रामर (चिप वाचण्या-लिहिण्याचे उपकरण) आणि फ्लॅशरॉम या सॉफ्टवेअरने दोनदा वाचन करावे. दोन्ही फाइलींचे हॅश (मजकुरावरून काढलेली ओळखखूण) जुळले नाहीत, तर बहुधा क्लिपमधून मुख्य प्रोसेसरलाही वीज मिळून तो मध्ये लुडबूड करत असतो. अशा वेळी चिप काढूनच वाचावी. १.८ व्होल्टच्या चिपला अडॅप्टर हवाच. दुरुस्तीत हमखास होणारी चूक म्हणजे एका राउटरची पूर्ण प्रत दुसऱ्यावर चढवणे. मॅक पत्ता (प्रत्येक उपकरणाचा वेगळा नेटवर्क क्रमांक) आणि रेडिओचे कॅलिब्रेशनही (त्या उपकरणापुरती जुळवणी) सोबत जाते: एकाच नेटवर्कवर दोन्ही राउटर भांडतात, वायफायची ताकद घसरते. म्हणून ही माहिती असलेला फ्लॅशमधला विभाग ज्या राउटरवर प्रत चढवायची त्याचाच ठेवावा.

कंपनीकडे सोर्स मागितल्यावर नुसता मूळ कर्नल पाठवला जातो, हे फार वेळा घडते. तेवढ्याने अट पुरी होत नाही. कंपनीने केलेले बदल तर हवेतच, शिवाय संकलन (कंपाइल करणे) आणि स्थापनेच्या स्क्रिप्टही जीपीएलने स्पष्टपणे मागितल्या आहेत.