लाल होणारी दोन हिरवी शैवालं: बीटा-कॅरोटीन आणि अ‍ॅस्टाझॅन्थिन

सूक्ष्मशैवालातून काढलेलं लालसर तेल कॅप्सूलमध्ये भरलेलं असतं आणि त्याच्या जाहिरातीत नैसर्गिक, अँटिऑक्सिडंट, कॅरोटिनॉइड (पिवळ्या ते लाल रंगद्रव्यांचा एक गट) हे तीन शब्द हमखास असतात. तेवढ्यावरून आत बीटा-कॅरोटीन आहे की अ‍ॅस्टाझॅन्थिन, हे कळत नाही. बरेच जण दोन्ही एकच समजून चालतात. तसं समजू नये, म्हणून हा लेख.

गोंधळाला कारणही आहे. बीटा-कॅरोटीन ड्युनालिएला सलायना या शैवालातून मिळतं, अ‍ॅस्टाझॅन्थिन हिमॅटोकॉकस प्लुव्हिॲलिसमधून. दोन्ही शैवालं मुळात हिरवी. नायट्रोजनचा पुरवठा तोडला आणि प्रकाश वाढवला की दोन्हींचा रंग पालटतो. दोन्ही रंगद्रव्यांच्या रेणूत ४० कार्बन असतात आणि दोन्ही तेलात विरघळतात, पाण्यात नाही.

फरक दिसतो तो सूक्ष्मदर्शकाखाली. ड्युनालिएला मिठागरातलं शैवाल. त्याला टणक पेशीभित्ती नसतेच, नुसतं पातळ आवरण. बाहेरच्या खारेपणाला तोंड द्यायला ते पेशीत ग्लिसरॉल साठवतं. काचपट्टीवर गोड्या पाण्याचा थेंब सोडा, पेशी फुगते आणि फुटते. हिमॅटोकॉकसचं अगदी उलट. हे गोड्या पाण्यातलं. सुखात असताना दोन शेपट्यांनी पोहत असतं. हाल सुरू झाले की शेपट्या टाकतं, गोल होतं आणि स्वतःभोवती जाड कवच चढवतं. लाली आधी केंद्रकाभोवती दिसते, मग कडेपर्यंत पसरते. ड्युनालिएलाचं बीटा-कॅरोटीन मात्र हरितलवकाच्या आतच तेलाच्या बारीक थेंबांत साठतं.

रंग काढण्याचं सगळं गणित या कवचावर फिरतं, आणि मला यातला सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो: जे फोडायला सोपं, ते गोळा करायला अवघड, जे गोळा करायला सोपं, ते फोडायला अवघड. ड्युनालिएला संपृक्ततेच्या जवळ पोचलेल्या, म्हणजे आणखी मीठ जेमतेमच विरघळेल अशा खाऱ्या पाण्यातही वाढतं. तिथे दुसरे जीव फारसे टिकत नाहीत, म्हणून ते उघड्या तलावांत पिकवता येतं. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या हट लगूनमध्ये अशी प्रचंड तळी आहेत. पण पेशी या दाट पाण्यात सहज खाली बसत नाहीत. शिवाय एक लिटरमध्ये शैवाल जेमतेम ग्रॅमभर किंवा त्याहूनही कमी, त्यामुळे अफाट पाणी उपसावं लागतं आणि मीठ यंत्रं खातं. एकदा गाळ हाती आला की पुढचं सोपं: गरम वनस्पती तेलातही रंग उतरतो.

हिमॅटोकॉकस बहुधा बंद नळ्यांत वाढवतात, कारण गोड्या पाण्यात घुसखोर फार. लाल झालेल्या जड पेशी मात्र आपोआप तळाशी बसतात. खरी लढाई त्यानंतर. कवच फोडल्याशिवाय द्रावक, म्हणजे रंग विरघळवून घेणारा पदार्थ, आत शिरत नाही, म्हणून पेशी बारीक मण्यांच्या गिरणीत दळतात किंवा प्रचंड दाबाखाली अरुंद फटीतून ढकलतात. मग वाळवून कार्बन डायऑक्साइडने अर्क काढतात. ३१ अंश सेल्सिअस आणि सुमारे ७४ बार यांच्या पलीकडे हा वायू द्रवासारखा विरघळवतो आणि दाब उतरवला की निघून जातो. द्रावकाचा अंश मागे राहत नाही.

शरीरातही दोघांच्या वाटा वेगळ्या. बीटा-कॅरोटीनचा रेणू मधोमध तोडून शरीर जीवनसत्त्व ‘अ’ बनवतं. अ‍ॅस्टाझॅन्थिनच्या दोन्ही टोकांच्या कड्यांवर ऑक्सिजनचे गट असल्यामुळे माणसाच्या शरीरात त्याला जीवनसत्त्व ‘अ’चा स्रोत धरत नाहीत. ‘अ’ची कमतरता भरून काढायला ते घेणं व्यर्थ. सॅल्मनचं मांस गुलाबी होतं, ते मात्र त्याच्यामुळेच.

धूम्रपान करणाऱ्यांनी एक गोष्ट नक्की लक्षात ठेवावी. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन देऊन पाहिलं, तेव्हा त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग वाढलेला आढळला. हा निष्कर्ष १९९४ चा, आणि १९९६ मध्ये अमेरिकेतल्या चाचणीनेही तेच दाखवलं. तिथली पूरकं कृत्रिम होती. पण म्हणून शैवालातलं निर्धास्त घ्यावं, असं मी म्हणणार नाही.

खरेदी करताना शैवालाचं नाव वाचा आणि मिलिग्रॅम कशाचे आहेत तेही पाहा. १० टक्के तीव्रतेच्या तेलअर्काच्या ४० मिलिग्रॅममध्ये अ‍ॅस्टाझॅन्थिन फक्त ४ मिलिग्रॅम असतं.