सान बोर्हाचा कच्चा रस्ता : पार्श्वभूमी

मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पाच्या मधल्या वाळवंटात, रोसारितो या लहानशा गावापाशी महामार्ग सोडला की सान बोर्हाच्या मिशनपर्यंत (पाद्र्यांनी वसवलेल्या जुन्या धर्मप्रसार-केंद्रापर्यंत) सुमारे ३५ किलोमीटर कच्चा रस्ता लागतो. उंच गाड्या घेऊन तिथे जाणारे हल्ली बरेच आहेत. चाकांतली हवा थोडी कमी करायची, दोन स्टेपन्या आणि पुरेसं पाणी बरोबर ठेवायचं, ओढ्याच्या पात्रातल्या मऊ वाळूत गाडी थांबू द्यायची नाही, हे त्यांना पाठ असतं. हा रस्ता असा का उरला, याचा विचार मात्र कमी होतो.

मूळ वाटा इथल्या मूळ रहिवासी कोचिमी लोकांच्या, एका पाणवठ्यापासून दुसऱ्या पाणवठ्याकडे जाणाऱ्या. आदाक या त्यांच्या ठिकाणी झरा होता, म्हणूनच १७६२ साली जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या पाद्र्यांनी मिशन तिथे बसवलं. पैसा स्पेनमधल्या एका सरदार घराण्यातल्या बाईंच्या देणगीतून आला. सामान गलबतांनी पूर्व किनाऱ्यावरच्या बाहिया दे लोस आन्हेलेस इथे उतरे आणि तिथून डोंगर ओलांडून खेचरांवर येई. पुढे स्पेनच्या राजाज्ञेने जेझुइटांची हकालपट्टी झाली आणि फेब्रुवारी १७६८ मध्ये त्यांना द्वीपकल्पावरच्या लोरेतो गावाहून जहाजात बसवून नेण्यात आलं. पोर्तुगीजांनी गोव्यातून याच संघाला १७५९ मध्येच बाहेर काढलं होतं, त्यामुळे ही लाट आपल्या किनाऱ्यालाही ओळखीची आहे. सान बोर्हा मग काही वर्षं फ्रान्सिस्कनांकडे आणि १७७३ पासून डॉमिनिकनांकडे, म्हणजे दुसऱ्या दोन कॅथलिक संघांकडे, राहिलं.

खरा वादाचा विषय आहे तो डॉमिनिकनांनी बांधलेलं दगडी चर्च. १८०१ साली ते पूर्ण झालं आणि १८१८ मध्ये मिशन बंद पडलं, म्हणजे जेमतेम सतरा वर्षं. जेझुइटांच्या शेवटच्या काळात या मिशनच्या हिशेबात हजारापेक्षा जास्त माणसं होती. सगळ्यांना एका जागी पोसण्याइतकं धान्य वाळवंटात पिकत नव्हतं, म्हणून टोळ्या पाळीपाळीने मिशनवर येत आणि मग आपापल्या रानात परतत. त्यांच्यात देवी, गोवर आणि गुप्तरोग शिरले. १७८१ ची देवीची साथ द्वीपकल्पभर भयंकर ठरली. चर्चचं काम चालू होतं तेव्हा माणसं शेकड्यांवर आली होती. ती आणखी कमी होत चालली आहेत, हे मिशनच्या दफ्तरात वर्षागणिक दिसत असणार, कारण बाप्तिस्मे आणि दफनं दोन्ही तिथेच लिहिली जात.

मग एवढी मोठी इमारत कशासाठी? समर्थन करणारे सांगतात की मातीच्या विटांच्या जुन्या भिंती पावसावाऱ्याने झिजत होत्या, दगड जवळच मिळत होता आणि पाद्र्यांना वस्ती पुन्हा वाढेल अशी आशा होती. यातलं पहिलं कारण आजही दिसतं : चर्चशेजारी जुन्या बांधकामाच्या मातीच्या भिंती विरघळून गुडघ्या-कमरेएवढ्या उरल्या आहेत. दगडी चर्च मात्र शाबूत आहे. दरवाजाभोवतीची कोरीव नक्षी धारदार आहे आणि वरच्या गायनकक्षाकडे जाणाऱ्या गोल जिन्याच्या पायऱ्या एकीवर एक नेमक्या बसलेल्या आहेत. माझ्या मते आशेचं कारण तोकडं पडतं. आजाराने खंगलेल्या माणसांकडून दगड फोडून, वाहून घेतले गेले. तेच हात शेताला आणि पाटाला लागते तर अधिक बरं झालं असतं. चर्चचं कौतुक जरूर व्हावं, ते कोचिमी हातांचं आहे. पण ते बांधण्याचा निर्णय शहाणपणाचा होता, असं मला वाटत नाही.

१८१८ नंतर वाट तुटली नाही, तिचं काम बदललं. आसपास गुरं पाळणाऱ्यांचे रांच (मोठे गोठे-मळे) होते, त्यांच्या खेचरांनी आणि नंतर ट्रकांनी ती चालती ठेवली. १९६७ मध्ये द्वीपकल्पावर लांब पल्ल्याची मोटर-शर्यत सुरू झाली आणि इथल्या खडबडीत वाटांना परदेशी चाहते मिळाले. १९७३ मध्ये तिहुआना ते काबो सान लुकास हा सुमारे १,७०० किलोमीटरचा डांबरी महामार्ग पूर्ण झाला. त्याची आखणी मालवाहतुकीच्या सोयीने झाली. मिशनं पाण्याजवळ डोंगरांत होती, त्यामुळे सान बोर्हा बाजूला पडलं. १९८० मध्ये भोवतीचा सुमारे २५ लाख हेक्टर प्रदेश संरक्षित ठरला. मेणबत्तीसारखी उंच सिरिओची झाडं आणि कार्दोन निवडुंग यांचं हे रान त्यातच येतं.

लोरेतोजवळच्या सान हाविएर मिशनचा रस्ता (ज्यांचा देह जुन्या गोव्यात आहे, त्याच संतांचं हे नाव) गेल्या काही वर्षांत डांबरी झाला आणि तिथे साध्या मोटारीही पोचू लागल्या. सान बोर्हाला तसं झालेलं नाही. वाहनप्रेमींना ते हवंच आहे. पण मिशनच्या आवारात कोचिमी वंशाचं एक कुटुंब राहतं, चर्चची देखभाल करतं आणि आल्यागेल्याला आत नेऊन दाखवतं. वादळी पावसानंतर ओढे चाकोऱ्या खरवडून नेतात, मोठे धोंडे उघडे पडतात आणि गाडीचं चेंबर आपटण्याची भीती असते. पाहुण्याला तेव्हा महामार्गावरून पुढे जाता येतं. या कुटुंबाला मात्र किराणा, इंधन आणि डॉक्टर यांसाठी त्याच रस्त्याने जावं लागतं. रस्ता निदान दर पावसाळी वादळानंतर यंत्राने सपाट करून मिळावा, ही अपेक्षा मला रास्त वाटते.